भट्टीवर वाळवलेला डायनामो

लोणावळ्यात सगळा जन्म काढून मी चिक्की खात नाही. पाहुणे आले की मीच त्यांना दुकानापर्यंत नेतो, ताजी कुठली आणि मागच्या आठवड्याची कुठली हे सांगतो, पुडा बांधून त्यांच्या हातात देतो. पण कुणी तुकडा पुढे केला की माझा हात मागे जातो. कुणाला वाटतं याला साखरेचा आजार असेल, कुणाला वाटतं दात गेले असतील. दात माझे अजून सुपारी फोडतात. खरं कारण एक डायनामो आहे, आणि ते मी आजवर माझ्या बायकोलाही धड सांगितलेलं नाही.

बाजाराच्या टोकाला माझं गाड्यांच्या विजेच्या कामाचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, आत एक लाकडी टेबल आणि बाहेर गाडी उभी करायला जागा. मी सांगतोय तो साठच्या दशकातला एक पावसाळा. तेव्हा आमच्याकडच्या गाड्यांना हल्लीचा अल्टरनेटर नसायचा, डायनामो असायचा. इंजिनाच्या कुशीला बसवलेलं, पाण्याच्या तांब्याहून थोडं मोठं लोखंडी नळकांडं. इंजिन फिरलं की पट्ट्यावर तेही फिरायचं, वीज करायचं आणि बॅटरी भरायचं. डायनामो बिघडला म्हणून गाडी लगेच थांबत नाही. बॅटरीतल्या साठ्यावर ती चालत राहते, आणि साठा संपला की जिथं असेल तिथं उभी राहते. म्हणून ड्रायव्हरच्या समोर एक बारका लाल दिवा ठेवलेला असतो. डायनामो वीज देत नसला की तो लागतो. तो लागला की सरळ माझ्याकडे यायचं, एवढं सगळ्या ड्रायव्हर मंडळींना पाठ होतं.

मला दोन गोष्टींचा गर्व होता. पहिली म्हणजे मी नवा डायनामो घ्या असं सहसा म्हणत नसे. जळलेल्या डायनामोतल्या तारा काढून नव्या गुंडाळायच्या, त्याला आम्ही ‘भरणं’ म्हणतो. माझ्या हातचा भरलेला डायनामो पाच-पाच वर्षं बघावा लागत नसे. नवा घ्या म्हणणारा मेस्त्री म्हणजे बायको आजारी पडली की दुसरी कर म्हणणारा वैद्य, असं मी गिऱ्हाइकांना सांगायचो आणि ते हसायचे. दुसरी गोष्ट माझ्या तोंडाची. गाडी बंद पडली की गिऱ्हाईक कपाळाला हात लावून नशिबाला बोल लावायचं. मी म्हणायचो, ‘नशीब नाही हो, नट ढिला आहे.’ ही दोन्ही वाक्यं पुढे मलाच गिळावी लागली.

त्या वर्षी आषाढ संपता संपता भाऊ आले. सगळे त्यांना भाऊच म्हणत. पवन मावळातल्या त्यांच्या बाजूला मोटारगाडी अशी ती एकच. मुंबईच्या एका शेठच्या बंगल्यावरून उतरलेली, काळी, विलायती, माझ्याहून वयाने थोडीच लहान. भाऊ ती भाड्याने चालवत. बाजारहाट, लग्नातली नवरी, साप चावलेला माणूस, सगळं त्याच गाडीतून लोणावळ्याला यायचं. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेली, एकच मुलगी, ती मावळातल्याच इंदुरी गावात दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात ती भाऊंकडे आली होती.

‘तीन दिस झालं, लाल दिवा जाईना,’ भाऊ म्हणाले. मी डायनामो उतरवला, उघडला आणि वास घेतला. जळालेल्या वार्निशचा वास एकदा नाकात बसला की माणूस फसत नाही. आतल्या तारा काळ्या पडल्या होत्या.

भाऊ टेबलाजवळच्या खोक्यावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, पाणी निथळत होतं.

‘खरं सांगा मेस्तरी. ह्यो भरायचा का नवाच टाकायचा?’

‘नवा मुंबईहून मागवावा लागेल. तुमच्या या म्हातारीला बसेल असा मिळायला आठ दिवस लागतील, नाहीतर पंधरा. मिळाला तर.’

‘आन भरला तर?’

‘तीन दिवस.’

‘पोरीचं दिस भरत आल्यात,’ ते म्हणाले. ‘सुईन म्हनती पंधरवडा हाय अजून. पन पोटातल्याला काय पंचांग म्हाईत हाय व्हय? आमच्या हितं दुसरी गाडी न्हाई. पावसात बैलगाडी खिंड चढत न्हाई.’

मग त्यांनी पुन्हा विचारलं, ‘तुमची पोर असती तर तुमी काय केलं असतं?’

हा प्रश्न विचारायला नको होता. एक तर तो माणसाला खरं बोलायला लावतो, नाहीतर फुशारकी मारायला. मी म्हणालो, ‘मी भरून घेतला असता.’

‘चालंल ना पन?’

‘चालेल काय भाऊ, पळेल!’

ते हसले. त्यांचे खालचे दोन दात पडलेले होते, ते तेव्हा दिसलं. गाडी माझ्याकडे ठेवून ते एस.टी.ने गावी गेले.

तारा मी एका दिवसात भरल्या. इतकं नीट काम मी क्वचित केलं असेल. एकेक वेढा बोटाने दाबून बसवला. मग वार्निश दिलं. हे वार्निश पूर्ण वाळावं लागतं, कच्चं राहिलं तर डायनामो तापला की आतल्या आत जळतो. पुण्याचे मेस्त्री उन्हात ठेवून मोकळे होतात. आमच्याकडे आषाढ-श्रावणात अंगातली बनियन वाळत नाही, तिथं वार्निश काय वाळणार. म्हणून लोणावळ्यातल्या आम्हा भरणाऱ्यांची एक रीत होती. चिक्कीच्या भट्टीला मागच्या अंगाला मातीचा कट्टा असतो, तो दिवसभर उबदार राहतो. तिथं नेऊन ठेवायचं. भट्टीवाला काही घेत नसे, मी त्याच्या पंख्याची मोटर बघून द्यायचो. पुण्याच्या माणसाला ही रीत सांगितली तर तो हसेल, पण आमची कामं त्या कट्ट्यावर वाळून वर्षानुवर्षं चालली.

त्या वेळी डायनामोचं बाहेरचं नळकांडं आणि मागचं झाकणही ओलं झालं होतं, म्हणून मी सगळेच भाग कट्ट्यावर मांडले. दुसऱ्या दिवशी दुपारी बघायला गेलो तेव्हा कारागीर गुळाच्या पाकाची कढई उतरवत होता. कढई हिंदकळली होती आणि पाकाचे थेंब माझ्या सामानावर उडाले होते.

‘मेस्त्री, तुमचा डायनामो गोड झाला,’ भट्टीवाला म्हणाला. आम्ही सगळे हसलो. पाक गार झाला की काचेसारखा होतो. मी नखाने खरवडून काढला, ओल्या फडक्याने पुसला. दिसला तेवढा काढला.

तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊ दारात हजर. नदी फुगत होती, फरशी पुलावर पाणी चढलं तर पलीकडे जाता येणार नाही, म्हणून त्यांची घाई. मी डायनामो जोडत होतो आणि ते माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. डायनामोला मागे दोन वायरी येतात, एक जाड आणि एक बारीक. दोन बोल्टांवर दोन नट. माझ्या उस्तादाने पहिल्या महिन्यात एक गोष्ट कान पिळून शिकवली होती, बोल्टावरचे आटे पुसल्याशिवाय नट चढवायचा नाही. त्या दिवशी मी आटे पुसले नाहीत. भाऊ नदीचं सांगत होते, मी हो-हो करत होतो. जाड वायरीचा नट शेवटी कुरकुरत घट्ट बसला. वायर ओढून बघितली, हलली नाही. हँडल मारलं, इंजिन लागलं, लाल दिवा विझला. भाऊंनी त्या विझलेल्या दिव्याला हात जोडले आणि मग मला.

त्यानंतर नवव्या दिवशी दुपारी मी शेजारच्या टपरीवर चहा पीत होतो. पवन मावळातून दूध घेऊन येणारा एक गवळी तिथं सांगत होता. त्याला ठाऊक नव्हतं की मी कोण. त्याने सांगितलं ते असं. सकाळी भाऊंच्या मुलीला कळा सुरू झाल्या. भाऊंनी तिला मागच्या सीटवर निजवलं, सुईण जवळ बसली. लोणावळ्याच्या वाटेवरच्या खिंडीत धुकं इतकं की दिवसाढवळ्या गाडीचे दिवे लावलेले, काच पुसायची काडी चालू, भोंगा सारखा वाजवत निघालेले. निम्म्या चढावर दिवे पिवळे झाले. मग भोंग्याचा आवाज बसला. मग गाडी दोन आचके देऊन थांबली. भाऊंनी हँडल मारलं. हात सोलवटेपर्यंत मारलं. गाडी लागली नाही. वरच्या डोंगरवाडीतल्या ठाकर मंडळींनी मुलीचं ओरडणं ऐकलं आणि ते धावत खाली आले. घोंगडी आणि बांबू घेऊन चौघांनी झोळी केली. खिंड उतरताना, वाटेतच, इरल्याच्या आडोशाला पोर जन्मलं. मुलगा होता. रडला नाही. नाळ मानेभोवती होती. मुलगी तेवढी वाचली. दवाखान्यातली नर्स म्हणाली म्हणे, तासभर आधी आणली असती तर.

मी चहाचा पेला तसाच ठेवून शेडमध्ये आलो.

आता जे लिहितो त्याची लाज मला बाकी सगळ्याहून जास्त आहे. मुलगी लोणावळ्याच्या दवाखान्यात आठ दिवस होती. दवाखाना माझ्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर. भाऊ रोज बाजारातून पेज घेऊन जात असतील. मी गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणालो. ते आठ दिवस मी दुसऱ्या रस्त्याने घरी गेलो.

भाऊही माझ्याकडे आले नाहीत. ना भांडायला, ना विचारायला. आले असते आणि गचांडी धरली असती तर मला बरं वाटलं असतं. नंतर कळलं की ती गाडी त्यांनी बैल लावून गावी ओढून नेली, डायनामो उतरवून घरात ठेवला आणि स्टिअरिंगला पुन्हा हात लावला नाही.

मला खात्रीच होती की वार्निश कच्चं राहिलं. नवा घ्या म्हणालो असतो तर भाऊंनी डोली, माणसं, काहीतरी तजवीज आधीच करून ठेवली असती. किंवा नवा आला असता आणि गाडी खिंड चढून गेली असती. मी त्यांना माझ्या फुशारकीवर बसवून पाठवलं. तो लाल दिवा मला दिसायला लागला. खिंडीतल्या धुक्यात भाऊंच्या समोर तो लागलेला आहे, ते त्याच्याकडे बघतायत आणि मागे फिरायला जागा नाही. घाटातला रेल्वेचा सिग्नल लाल झाला की मी मान फिरवायचो. देवघरातली उदबत्ती विझत आली की तिचं टोक तसंच दिसायचं. बायको विचारायची, देवासमोरून असे उठून का जाता. मी म्हणायचो, धुराने ठसका लागतो.

भरायचं काम मी सोडून दिलं. कुणी जळका डायनामो आणला की नवा घ्या, एवढंच बोलायचो. लोक म्हणाले, मेस्त्री नवा माल विकणाऱ्या दुकानदाराला मिळाला. म्हणोत. तारा गुंडाळायचं यंत्र टेबलाखाली गंजलं. चिक्कीच्या भट्टीवर जायचं कारण उरलं नाही. चिक्की मात्र मी तेव्हा खात होतो.

वर्षं गेली. पवनेवर धरण झालं, पाणी अडलं आणि भाऊंचं गाव पाण्याखाली गेलं. ते पवनानगरजवळ राहायला गेलेत असं कानावर आलं होतं. एका पौषात, भर दुपारी, शेडच्या दारात दोन माणसं उभी राहिली. एक वाळलेला म्हातारा आणि डोक्यावर पोतं घेतलेली तिशीच्या आतली बाई. म्हातारा आत येऊन खोक्यावर बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, तेव्हा मी त्याला ओळखलं.

‘ही माजी लेक,’ भाऊ म्हणाले.

तिने पोतं खाली ठेवलं. त्यातून एक तांदळाची पिशवी काढली आणि मग चिंध्यांत गुंडाळलेला डायनामो काढून टेबलावर ठेवला. ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही, तशीच बघत होती.

‘गाव सोडताना सामान काडलं तवा ह्यो हाताला लागला,’ भाऊ म्हणाले. ‘टाकवंना. पोर म्हनली, आबा, येकदा मेस्तरींस्नी दाखवा, न्हाईतर तुमचं कवाच संपायचं न्हाई. मेस्तरी, मला झोप न्हाई. रोज वाटतं, म्या नवा घ्याला पायजे व्हता. आठ दिस थांबाया पायजे व्हतं. घाई म्या केली.’

मी इतकी वर्षं समजत होतो की ते मला दोष देत असतील. ते स्वतःलाच देत होते.

मुलीकडे वळून मी विचारलं, बरी आहेस ना. काहीतरी बोलायचं म्हणून. भाऊच म्हणाले, ‘परत पोर झालं न्हाई तिला. मालकांनी दुसरी केली. आता माज्याजवळच आस्ती.’ माझी वैद्याची जुनी थट्टा मला आठवली आणि तोंड कडू झालं.

मी पाना हातात घेतला. उघडायच्या आधी म्हणालो, ‘लाल दिवा किती वेळ लागलेला होता?’

‘लागलाच न्हाई,’ भाऊ म्हणाले.

‘तुमचं लक्ष नसेल.’

‘मेस्तरी, तीन दिस तुमच्याकडं गाडी ठेवून नेलती. माजं दुसरीकडं लक्ष न्हवतंच. धुक्यात रस्ता कमी बगितला, त्यो दिवा जास्ती. लागला असता तर म्या चढाच्या खालीच थांबून वाडीवरची मानसं बोलावली असती. त्यो लागलाच न्हाई.’

मी पाना खाली ठेवला. आतल्या तारा जळाल्या असत्या तर दिवा लागायलाच हवा होता. तो न लागण्याचं कारण एकच असतं. डायनामोची जाड वायर निखळली तर वीज तर बंद होतेच, पण दिव्याची वाटही तिथंच तुटते. मग तो लागत नाही, आणि मिणमिणला तरी दिवसा दिसत नाही. हँडल मारून गाडी सुरू करणाऱ्या माणसाला बॅटरी उतरत चालल्याचं कळायला दुसरा मार्ग नाही. हे कळायला मेस्त्री लागतो, आणि मेस्त्री आठ दिवस दुसऱ्या रस्त्याने घरी जात होता.

‘डायनामो उतरवताना वायरी किती सोडवल्या?’ मी विचारलं.

‘येकच. बारकी. जाड सुटल्यालीच व्हती. गाडी वढताना हिसका बसला आसंल म्हनलं.’

मी डायनामो उघडला. आतलं आर्मेचर, म्हणजे तारा गुंडाळलेला फिरता गाभा, कालच भरल्यासारखं होतं. वार्निश पूर्ण वाळलेलं, तांबूस, काचेसारखं. एक वेढा हललेला नव्हता. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला माझ्या कामाचा अभिमान वाटला. एक क्षणच, पण वाटला.

मग मागचं झाकण उलटं केलं. बारक्या वायरीचा नट जागेवर होता. जाड वायरीच्या बोल्टावर नट नव्हता. आट्यांत काळी पुटं बसली होती. मी ग्रीसची समजलो. शेगडीत सोल्डर करायची कांब तापत होती, तिचं टोक मी त्या आट्यांना लावलं.

गुळाचा वास आला. करपलेल्या गुळाचा, भट्टीवर येतो तसाच. पत्र्याची शेड त्या वासाने भरली. शेवटचा आटा कुरकुरला होता तो आवाज मला आठवला. नट वायरीवर घट्ट बसलाच नव्हता, तो थिजलेल्या पाकावर घट्ट बसला होता. वायरही पाकानेच धरून ठेवली होती. इंजिन तापलं, पाक सुटला, पावसाचं पाणी लागलं आणि गाडीच्या हादऱ्याने नट आपला आपण उतरत गेला. भरलेला डायनामो असो की कोरा, मागवून ठेवलेला, आटे न पुसता मी नट चढवला असता तर जे व्हायचं ते झालंच असतं. इतकी वर्षं मी भरायचा की नवा घ्यायचा याच प्रश्नाशी भांडत होतो. तो प्रश्नच नव्हता.

भाऊ माझ्या तोंडाकडे बघत होते.

‘सांगा मेस्तरी. नवा घेतला असता तर वाचलं असतं का?’

मी म्हणालो, ‘नाही भाऊ. नवा घेतला असता तरी तेच झालं असतं.’

‘खरं?’

‘देवाशपथ खरं. डायनामो चांगला आहे. तुम्ही भरून घेतलात त्यात काही चुकलं नाही.’

‘म्हंजी माजी चूक न्हाई?’

‘तुमची नाही.’

शब्द न् शब्द खरा होता. भाऊंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ते रडले. म्हातारा माणूस आवाज न करता रडतो तसे. मग उपरण्याने डोळे पुसून म्हणाले, ‘म्हंजी नशिबातच व्हतं म्हनायचं.’

ज्याने उभा जन्म गिऱ्हाइकांना नट ढिला आहे म्हणून झापलं, तो मी म्हणालो, ‘हं.’

भाऊ उठले. त्यांची चाल बदलली होती, हे मी डोळ्यांनी बघितलं. टोपी झटकून डोक्यावर ठेवली आणि बाहेर उन्हात जाऊन विडी पेटवली. मुलगी मागे थांबली. तिने तांदळाची पिशवी टेबलावर सरकवली.

‘आंबेमोहोर हाय, घरचा,’ ती म्हणाली. मग टेबलावरचं झाकण हातात घेऊन तिने तो मोकळा बोल्ट बघितला. नाकाजवळ नेऊन हुंगला. लोणावळ्याच्या आसपासच्या माणसाला तो वास ओळखायला शिकवावा लागत नाही.

‘नवा असता तरी वायर सुटली असती,’ ती हळू म्हणाली. ‘मंग मेस्तरी, वायर बसवली कुनी?’

मला वाटलं, आता सांगून टाकावं. भाऊंना हाक मारावी आणि दोघांच्या देखत सांगावं. मी दाराकडे वळलोसुद्धा. तिने झाकण खाली ठेवलं आणि आडवी आली.

‘आबांना सांगू नगा,’ ती म्हणाली. ‘आज झोपतील ते. लय वर्सांनी.’

‘आणि तू?’ मी विचारलं.

तिने पदर खोचला, रिकामं पोतं घडी करून काखेत घेतलं. ‘माजं म्या बगते,’ म्हणाली आणि बापाच्या मागे निघून गेली. डायनामो त्यांनी नेला नाही.

तो तांदूळ मी परत करू शकलो नाही. घरी त्याचा भात झाला, वासाने बायको खूश झाली. मी जेवलो. त्यानंतर आठवड्याने कुणीतरी चिक्कीचा तुकडा पुढे केला आणि माझा हात पहिल्यांदा मागे आला.

भाऊ पुढे बरीच वर्षं जगले आणि गाढ झोपायचे असं ऐकलं. आता ते नाहीत, म्हणून हे लिहितो आहे. ती आहे. बाजाराच्या दिवशी कधी भाजी, कधी धरणातली मासळी घेऊन लोणावळ्याला येते. रस्त्यात समोरासमोर आलो तर मी दुसऱ्या रस्त्याने जात नाही, एवढं तरी शिकलो. भट्ट्यांचा वास चहूकडे असतोच. ती थांबते आणि विचारते, ‘कसं चाललंय, मेस्तरी?’

मी म्हणतो, ‘चाललंय.’